कोंबडीची अन्नपिशवी तुंबली आहे का? आधी काय तपासायचं, मग काय करायचं, आणि हात कधी थांबवायचा

लक्षणं

सकाळी खाद्य घालण्याआधी कोंबडी उचलली, की मानेच्या तळाशी, छातीच्या हाडाच्या वरच्या टोकाजवळ, तिच्या उजव्या अंगाला गोळा हाताला लागतो. तोंड तुमच्याकडे करून धरली असेल तर तो तुमच्या डाव्या बाजूला येईल. काल संध्याकाळी गोळा होता, आज सकाळीही तेवढाच आहे. हे मुख्य लक्षण. बाकीची लक्षणं याच्या मागून येतात, आणि बहुतेकांच्या लक्षात नेमकी तीच आधी येतात:

- कोंबडी खाद्याजवळ उभी राहते, टोचा मारते, पण गिळत नाही. किंवा उलट, सारखी खात राहते आणि तरी हलकी होत जाते.
- मान लांब करून वेडीवाकडी फिरवते, चोच उघडझाप करते.
- शिट कमी, लहान, हिरवट आणि पातळ. त्यात पांढरा भागच जास्त.
- पिसं फुगवून कोपऱ्यात बसते, तुरा फिकट दिसतो, अंडी थांबतात.
- छातीचं हाड दोन्ही बाजूंनी धारदार लागतं. हे लागलं म्हणजे त्रास कालपरवाचा नाही, बरेच दिवस चालू आहे.

संध्याकाळी भरलेली, टम्म फुगलेली पिशवी हा आजार नव्हे. दिवसभर चरलेली निरोगी कोंबडी झोपायला जाताना पिशवी गच्च भरूनच जाते आणि रात्रभरात ते अन्न हळूहळू खाली सोडते. संध्याकाळचा गोळा पाहून घाबरून तेल पाजणारे पुष्कळ असतात आणि त्यातल्या बऱ्याच कोंबड्यांना काहीही झालेलं नसतं. निदान सकाळीच करायचं.

पिशवीचं काम काय, हे आधी

क्रॉप, म्हणजे ही अन्नपिशवी, ही अन्ननलिकेचाच फुगलेला भाग आहे. तिथे अन्न साठतं आणि ओलं होतं. खरं पचन पुढे होतं: आधी पाचक रस सुटणाऱ्या लहान पोटात, मग गिझार्डमध्ये. गिझार्ड म्हणजे दळणारं जाड स्नायूंचं पोट. कोंबडीला दात नाहीत, ते काम गिझार्डमधले खडे करतात. पिशवीतून अन्न थोडं थोडं खाली उतरतं आणि किती उतरणार हे पुढे किती जागा आहे यावर ठरतं.

यातून कामाची एक गोष्ट निघते. पिशवी भरून राहिली म्हणजे अडथळा पिशवीतच आहे असं नाही. तो गिझार्डमध्ये असू शकतो, आतड्यात असू शकतो, किंवा पिशवी हलवणाऱ्या नसेतही असू शकतो. एकदाच तुंबली आणि मोकळी झाली तर बहुतेक वेळा खाण्यातलीच चूक असते. पुन्हा पुन्हा तुंबत असेल तर पिशवी चोळत बसण्यात अर्थ नाही, शोध खाली घ्यावा लागतो.

पहिली तपासणी: एक रात्र (खर्च शून्य)

संध्याकाळी कोंबडीला वेगळ्या पिंजऱ्यात किंवा खोक्यात ठेवा. खाली पेंढा किंवा लाकडाचा भुसा घालू नका, ती तेच खाईल. जुना टॉवेल किंवा साधा कागद अंथरा. त्यावर शिट स्पष्ट दिसते आणि ती मोजता येते. खाद्य काढा, पाणी ठेवा. जागा उबदार आणि वारा न लागणारी हवी. कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा बरंच गरम, साधारण 41 अंशांचं असतं. उपाशी आणि आजारी कोंबडीला ती उष्णता टिकवणं जड जातं.

ठेवण्याआधी वजन करा. स्वयंपाकघरातला 5 किलोपर्यंतचा काटा आणि एक टोपली पुरते. आकडा लिहून ठेवा. पुढचे दिवस हाताला काय वाटतं यापेक्षा हा आकडा जास्त खरं सांगतो, कारण पिसांमुळे वाळलेली कोंबडीही भरलेली दिसते. मूळ वजनाच्या दहाव्या भागाएवढी घट झाली असेल तर घरगुती उपायांची वेळ निघून गेली असं समजा.

सकाळी उजाडताच, खाद्य दाखवायच्या आत, पिशवी चाचपा. कोंबडी बगलेत धरा, पंख अंगाशी दाबलेले, डोकं वर. दुसऱ्या हाताच्या बोटांनी गळ्याखालून हळूच खाली या. काय लागतं त्यावर पुढचं सगळं ठरतं.

काहीच लागत नाही, फक्त सैल कातडी किंवा चार दाणे: पिशवी ठीक आहे. कोंबडी तरीही आजारी असेल तर कारण दुसरीकडे शोधा.

घट्ट मळलेल्या कणकेसारखा गोळा, बोट दाबलं की खड्डा पडतो आणि तसाच राहतो, कधी आत गवताच्या काड्या किंवा दोरीसारखं काही जाणवतं: ही तुंबलेली पिशवी. हा लेख मुख्यतः हिच्याबद्दल आहे.

मऊ, ढबढब हलणारी, आत पाणी आणि वायू, चोचीला आंबूस घाण वास: ही आंबलेली पिशवी, सावर क्रॉप. यात बहुधा कँडिडा नावाचं यीस्ट माजलेलं असतं. तुंबलेल्या पिशवीतलं अन्न कुजूनही हे होतं, त्यामुळे बाहेर पाणी आणि आत घट्ट गाभा असंही सापडतं. हिचे नियम वेगळे आहेत, खाली दिले आहेत.

छातीच्या खालपर्यंत लोंबणारी, चालताना हेलकावणारी, कधी भरलेली कधी अर्धी: इथे पिशवीचे स्नायू ताणून सैल झालेले असतात. ही चोळून बरी होत नाही.

गाठ पिशवीबरोबर सरकत नाही, हाडाला किंवा कातडीला चिकटलेली आहे: ती अन्नपिशवी नव्हेच. गळू किंवा गाठ असू शकते. तिला तेल-मालिश काही करू नका.

दुसरी तपासणी: चोचीच्या आत

ही दोन मिनिटांची गोष्ट आहे आणि जवळजवळ कुणी करत नाही. चांगल्या उजेडात चोच उघडून जिभेखाली आणि घशात पाहा. पिवळट, चीजसारखे चिकट थर दिसले तर ट्रायकोमोनास या परजीवीचा संसर्ग संभवतो. पांढरे ओरखडल्यासारखे डाग यीस्टकडे बोट दाखवतात. दोन्हींना औषध लागतं आणि ते पशुवैद्यकाकडूनच.

जिभेच्या मुळाशी दोरा किंवा केस गुंडाळलेला सापडला तर तो ओढू नका. त्याचं दुसरं टोक बहुधा पिशवीत किंवा गिझार्डमध्ये अडकलेलं असतं आणि ओढल्यावर तो आतली भिंत कापत जातो. इथेच थांबा, डॉक्टर गाठा.

पहिला उपाय: पाणी

लोक तेलापासून सुरुवात करतात. सुरुवात पाण्यापासून व्हायला हवी. गोळा घट्ट असतो तो त्यातलं पाणी कमी पडलेलं असतं म्हणून. अंडी देणारी मोठी कोंबडी साध्या हवेत दिवसाला 200 ते 250 मिलिलिटर पाणी पिते, उन्हाळ्यात आणखी. पाण्याचं भांडं अर्धा दिवस कोरडं राहिलं किंवा दांडगी कोंबडी त्याच्यासमोर ठाण मांडून बसली, की दुबळीच्या पिशवीत कोरडं खाद्य फुगून बसतं.

कोमट पाणी, मनगटाला जेमतेम ऊब जाणवेल इतकं, पुढे ठेवा. स्वतः पीत असेल तर तेवढंच करा. पीत नसेल तर सुई काढलेल्या सिरिंजने थेंब चोचीच्या बाहेरच्या कडेवर सोडा. ती चोच चाटते, गिळते, मग पुढचा थेंब. एका वेळी 1 मिलिलिटरहून जास्त नाही. 2 किलोच्या कोंबडीला एका बैठकीत 10 ते 15 मिलिलिटर पुरे. पिशवी आधीच भरलेली असते, वरून जास्त ओतलं तर पाणी उलटं घशात येतं.

सिरिंज घशात का घालायची नाही, हे एकदा चोच उघडून पाहिलं की कळतं. जिभेच्या मागे अगदी मधोमध एक बारीक फट उघडझाप करत असते. ती श्वासनलिका. घाईत दिलेलं पाणी सरळ तिथे जातं. तुंबलेल्या पिशवीला अजून वेळ असतो, फुप्फुसात पाणी गेलेल्या कोंबडीला नसतो.

दुसरा उपाय: चोळणं

पाणी गेल्यावर 10-15 मिनिटं थांबा, म्हणजे ते गोळ्याभोवती पसरतं. मग कोंबडी उभीच, डोकं पिशवीपेक्षा वर ठेवून, गोळ्याच्या कडेपासून सुरुवात करा. मधला भाग चिरडायचा नाही. अंगठा आणि दोन बोटांनी कडेचा थोडा भाग हलकेच चिमटीत धरायचा, सोडायचा, पुढे सरकायचं. हेतू गोळा खाली ढकलण्याचा नाही, तो विस्कटून त्यात पाणी मुरवण्याचा आहे. मोकळं झालेलं अन्न खाली न्यायचं काम पिशवी स्वतः करते.

एका वेळी 5 मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पिशवीची भिंत पातळ असते आणि ताणलेली असताना आणखी पातळ होते. जोर लावून ती फाटू शकते. बोटांना कठीण टोकदार काही लागलं तर चोळणं बंद. ती तार किंवा खिळा असू शकतो. चोळताना चोचीतून पाणी आलं, घरघर ऐकू आली, कोंबडी खोकल्यासारखं करू लागली, तर ताबडतोब थांबा आणि तिला मोकळं उभं राहू द्या.

वरच्या दिशेला, म्हणजे तोंडाकडे, कधीही चोळू नका.

तिसरा उपाय: तेल, आणि त्याची मर्यादा

तेल गवत विरघळवत नाही. ते फक्त निसरडं करतं. पाणी आणि चोळणं यांनी गोळा थोडा सैल पडल्यावर त्याचा उपयोग होतो, कोरड्या घट्ट गोळ्यावर ते नुसतं वर तरंगत राहतं.

गोठवलेलं खोबरेल तेल सर्वात सोयीचं. फ्रिजमध्ये घट्ट करून वाटाण्याएवढे तुकडे करा आणि एकेक तुकडा चोचीत ठेवा. घन तुकडा ती गिळते, तो श्वासनलिकेत घसरत नाही, आणि पिशवीतल्या उष्णतेने वितळतो. एका वेळी असे चार-पाच तुकडे, दिवसातून दोनदा, दोन दिवसांपुरतंच. पातळ तेल द्यायचंच असेल तर 2-3 मिलिलिटर आणि थेंबाथेंबाने, पाण्यासारखंच. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन घरी पाजू नका. त्याला चव नसते, ते घशात खवखवत नाही, त्यामुळे चुकीच्या नळीत गेलं तरी कोंबडी खोकत नाही आणि तुम्हाला कळत नाही.

खाणं

पहिले 12 ते 24 तास घन खाद्य बंद, पाणी चालू. याहून लांब उपास डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय करायचा नाही. कोंबडी तुंबण्याने जेवढी मरत नाही तेवढी आठवडाभराच्या अर्धपोटी अवस्थेने मरते. पिलं आणि आधीच वाळलेली कोंबडी यांना तर उपास नाहीच, त्यांना पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावं.

पिशवी थोडी कमी झालेली दिसली की रोजचंच तयार खाद्य पाण्यात भिजवून द्या: एक भाग खाद्य, तीन भाग पाणी, अर्धा तास भिजवून पातळ पेजेसारखं. पहिल्या खेपेला एक मोठा चमचा. दोन-तीन तासांनी चाचपा. गेलं असेल तर पुन्हा एक चमचा. दिवसात अशा चार-पाच खेपा. अख्खे दाणे, पाव, हिरवा पाला, सालं, सगळं बंद.

दही द्या असा सल्ला सर्रास मिळतो. पक्ष्याला दुधातली साखर पचवता येत नाही आणि न हलणाऱ्या पिशवीत कोणताही दुधाळ पदार्थ आंबायला मोकळाच. नका देऊ. सफरचंदाच्या व्हिनेगरने तुंबलेलं सुटत नाही. खायचा सोडा वायू करतो, आणि कोंडलेल्या पिशवीत वायू वाढवून कुणाचं भलं होत नाही.

ग्रिटबद्दल गोंधळ असतो. ग्रिट म्हणजे न विरघळणारे खडे, मोठ्या कोंबडीला साधारण 3 ते 5 मिलिमीटरचे. शिंपल्यांचा चुरा हा कॅल्शियमसाठी असतो, तो पोटात विरघळतो, दळायच्या कामाचा नाही. पण तुंबलेल्या पिशवीवर ग्रिट देऊ नका, गोळ्यात दगडांची भर पडते. पिशवी सलग दोन सकाळी रिकामी सापडली की मग वेगळ्या भांड्यात ठेवा.

सुटतंय हे कसं ओळखायचं

कागदावर पाहा. अडलेल्या कोंबडीची शिट हिरवट चिकट असते, तो हिरवा रंग पित्ताचा, कारण आतड्यात अन्नच उतरत नाही. वाट मोकळी झाली की शिट अचानक मोठी होते, तपकिरी होते, त्यात गवताचे तंतू दिसतात. पिशवीचा आकार कमी होण्याआधी हा बदल कागदावर दिसतो. दुसऱ्या सकाळी गोळा निम्मा आणि शिट मोठी, तर दिशा बरोबर आहे, तेच चालू ठेवा. गोळा तेवढाच पण मऊ झाला आहे आणि शिट तीच हिरवी, तर तुम्ही नुसतं पाणी भरत आहात, खाली काही जात नाही. इथे बरेचजण फसतात: मऊ झाला म्हणून आणखी दोन दिवस काढतात आणि तोवर आतलं अन्न आंबतं.

पिशवी आंबली असेल तर

चोळू नका, तेल नको. आतलं घाण पाणी दाबाने घशात येतं आणि फुप्फुसात जातं. खाद्य बंद, ताजं पाणी थोडं थोडं आणि डॉक्टर. यीस्टसाठी सहसा निस्टॅटिन दिलं जातं. मात्रा वजनावर असते आणि ती डॉक्टरने ठरवावी. मोरचुदाचे, म्हणजे तांब्याच्या क्षाराचे, जुने नुस्खे फिरत असतात. तांब्याची उपायाची आणि विषाची मात्रा एकमेकींच्या फार जवळ आहेत, अंदाजाने कालवण्याची ती वस्तू नव्हे.

आणि उलटं धरून ओकवणं. असं करून बऱ्या झालेल्या कोंबड्यांच्या गोष्टी ऐकायला मिळतात. उलटी टांगल्यावर पिशवीतलं पाणी श्वासनलिकेच्या त्या उघड्या फटीवरूनच बाहेर येतं, आणि कोंबडीने त्याच क्षणी श्वास घेतला तर ती हातातच जाते. पिशवी रिकामी करायची असेल तर डॉक्टर नळी घालून करतात. ती नळी कुठे गेली हे हाताने तपासायला शिकलेला माणूस लागतो.

इथे थांबा आणि डॉक्टर बोलवा

- 24 तास पाणी आणि चोळण्याने गोळ्यात काहीच फरक नाही. किंवा फरक आहे पण 48 तासांत पिशवी सकाळी रिकामी झालेली नाही.
- चोच उघडी टाकून श्वास, घरघर, नाकातून पाणी.
- तुरा निळसर किंवा पांढुरका, कोंबडी उभी राहत नाही.
- एक पाय पुढे एक मागे ताणलेला, पंख लोळतो, मान वळते.
- तार, खिळा, शिसं, दोरी, प्लास्टिक गिळल्याची शंका.
- वजन दहाव्या भागाने घटलेलं, छातीचं हाड धारदार.
- एकाच वेळी दोन-चार कोंबड्या मलूल. हा तुंबण्याचा प्रश्न राहत नाही. खाद्यातलं विष किंवा साथ असू शकते. मरतुक सुरू झाली तर मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नका, पशुवैद्यकीय खात्याला कळवा.

ब्लेडने पिशवी कापून घरी रिकामी करायची पद्धत दाखवणारे असतात. करू नका. कातडी आणि पिशवी हे दोन वेगळे थर आहेत आणि वेगवेगळे शिवावे लागतात. एकत्र शिवले तर जखम भरत नाही, पिशवीतून बाहेर छिद्र राहतं आणि खाल्लेलं तिथून गळतं. शिवाय भूल न देता कापणं म्हणजे जिवंत प्राण्याला फाडणंच. तीच शस्त्रक्रिया डॉक्टरकडे, भूल देऊन, लवकर केली तर कोंबड्या चांगल्या वाचतात. उशिरा आणलेल्या, वाळलेल्या कोंबड्या भूलही सोसत नाहीत.

सगळे पशुवैद्यक पक्षी पाहत नाहीत, म्हणून पक्षी पाहणारा कोण हे गरज नसताना विचारून ठेवा. जाताना रोजच्या वजनाचे आकडे, शिटेचे फोटो, काय काय पाजलं त्याची यादी आणि शक्य झालं तर ताजी शिट डबीत न्या. जंत तपासायला ती लागते. धातूची शंका असेल तर एक्स-रे होतो. औषध चालू असताना आणि त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे त्याच भेटीत विचारा. ते प्रत्येक औषधाला वेगळं असतं.

शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर वर सांगितलेली भिजवलेल्या खाद्याची पेजच, थोडी थोडी, आणि कळपापासून वेगळं. टाके दिसले की बाकीच्या टोचतात.

पुन्हा पुन्हा का तुंबते

इथे पहिला प्रश्न एकच: तीच कोंबडी, की दर वेळी वेगळी?

दर वेळी वेगळी असेल तर दोष जागेत आहे. सगळ्यात आधी गवत पाहा. उभ्या गवतातून कोंबडी टोचून लहान तुकडे तोडते, कारण गवताला मुळाचा धरता हात असतो. कापलेलं गवत मोकळं असतं, ते ती लांबच्या लांब सुतासारखं गिळते आणि पिशवीत त्याचा गुंता होतो. कापून टाकलेलं गवत खुराड्यात टाकू नका. हिरवा पाला द्यायचाच तर बांधून टांगा, म्हणजे तुकडे तोडावे लागतील, किंवा बोटाच्या पेराएवढा चिरा. त्यानंतर नवीन घातलेला पेंढा: पहिल्या एक-दोन दिवसांत कोंबड्या तो उत्साहाने खातात, तेव्हा आधी पोटभर खाद्य द्या, मग पेंढा घाला. मग पाणी: भांडी किती, सावलीत आहेत का, दुबळीला पोहोचता येतं का. कळपात दोन ठिकाणी, एकमेकांना न दिसणारी भांडी ठेवली की दांडगीला दोन्हीवर राज्य करता येत नाही. मग ग्रिट: बाहेर न सुटणाऱ्या कोंबड्यांना ते ठेवल्याशिवाय मिळत नाही. आणि खाद्याच्या वेळा: सकाळी उशिरा दार उघडणाऱ्यांच्या कोंबड्या भुकेल्या तुटून पडतात आणि कोरड्या पेलेटने, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या कांड्यांनी, पिशवी ठासून भरतात. शेवटी जमीन. दोऱ्या, सुतळ्या, प्लास्टिकच्या पट्ट्या, गोणपाटाचे धागे वेचा. हे काम गुडघ्यावर बसून, कोंबडीच्या उंचीवरून केलं तरच नीट होतं.

खुडूक कोंबडी आणि पिसं झडणारी कोंबडी यांच्याकडे जरा जास्त लक्ष ठेवा. पहिली दिवसातून एकदा उठून भराभर खाते आणि पाणी प्यायला विसरते. दुसरी, किंवा तिच्या शेजारची, गळलेली पिसं खाते.

तीच कोंबडी असेल तर दोष तिच्या अंगात आहे आणि जागा कितीही साफ केली तरी ती तुंबणारच. काय शोधायचं? गिझार्ड अडलेला असेल तर पिशवी सुटून दोन दिवसांत पुन्हा भरते, कारण पुढे वाटच नाही. तिथवर तुमचं तेल आणि चोळणं पोहोचत नाही. जंत: पिशवीच्या भिंतीत राहणारे केसासारखे बारीक कॅपिलेरिया असतात, आणि आतड्यात गोल जंतांचा गुंता होऊन वाट बंद होते. शिटेची तपासणी करून मगच जंतनाशक द्या, नुसत्या शंकेवर नको. पोट: दोन पायांमधल्या जागेवर तळवा ठेवा. तिथे फुगीर, गरम, पाणी भरल्यासारखं लागलं, किंवा कोंबडी ताठ उभी राहून शेपटी खाली पाडत असेल, तर अंड्याची अडचण आहे. आतल्या गाठी किंवा पाण्याने आतडं दबतं आणि अन्न वर साचत जातं. शिसं: जुना रंग, बॅटरीचे तुकडे, मासेमारीचे गोळे टोचलेल्या कोंबडीची पिशवी थंडावते, शिट गर्द हिरवी होते. उपचार आहे, पण तो दवाखान्यातच. अशा कोंबडीची अंडी खाऊ नयेत, शिसं अंड्यात उतरतं.

तरुण कोंबडीत, काही आठवड्यांच्या पिलापासून नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगेपर्यंत, वारंवार तुंबणं आणि सोबत लंगडणं किंवा पंख पडणं दिसलं तर मारेक्सचा विचार करावा लागतो. हा विषाणू नसांवर बसतो, आणि पिशवी हलवणारी नसही त्यात सापडते. याला औषध नाही. लस पिलाला अंड्यातून बाहेर येताच किंवा त्याआधी अंड्यातच दिलेली असली तरच उपयोगी पडते. निदान पक्कं झाल्यावर कोंबडीला किती ताणायचं हा निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्यावा.

आणि सैल, लोंबती पिशवी. दोन-चारदा गच्च तुंबलेल्या पिशवीचे स्नायू परत पूर्ववत होत नाहीत, म्हणून तिला बरी करायचा नाद सोडून तिच्यासोबत जगायची सोय करावी लागते. भिजवलेलं खाद्य, दिवसातून चार-पाच लहान खेपा, लांब गवत कायमचं बंद, दर सकाळी चाचपणं. पिशवीला खालून आधार देणारा कापडी पट्टा मिळतो किंवा शिवता येतो. त्याने पिशवीचं तोंड खालच्या नळीच्या पातळीला येतं आणि अन्न उतरायला मदत होते. पट्टा बांधताना पिशवी रिकामी हवी, पट्ट्याखाली एक बोट सहज गेलं पाहिजे, आणि दिवसातून दोनदा काढून कातडी घासली गेली नाही ना ते पाहायचं. तुंबलेल्या, घट्ट पिशवीवर हा पट्टा कधीही बांधू नका.